दोन्ही बाजूंनी उघडणारं दार

एक सोपा प्रश्न. भर समुद्रात शिडाची होडी बुडते कशामुळे? व्हायव्हात हा प्रश्न आला तर आपण सगळे एका सुरात सांगू, ‘सर, तळाला भोक पडतं म्हणून!’ सरही मान डोलावतील, कारण उत्तर चुकीचं नाही. पण गेलं अख्खं सेमिस्टर मी ज्या विषयात बुडालेली होते, त्यात मला कळलं की पुष्कळ होड्यांना तळाला भोक पडावं लागतच नाही. त्यांना भोकं आधीपासूनच असतात. ती बांधणाऱ्याने स्वतःच्या हाताने, मापं घेऊन, कडा गुळगुळीत करून, वर पॉलिश मारून ठेवलेली असतात. केबिनमध्ये उतरायचं दार, हवेसाठी डेकवर ठेवलेली झाकणं, दोऱ्या नि शिडं ठेवायच्या पेट्या, खिडक्या. शांत पाण्यात यांच्याशिवाय होडीत राहता येत नाही आणि वादळात यांच्यामुळेच होडी जाते.

आता तुम्ही विचाराल, भिवंडीच्या हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या, मूळच्या नाशिकच्या मुलीचा आणि शिडाच्या होडीचा संबंध काय? संबंध रद्दीचा! बाजारपेठेत एका रद्दीवाल्याकडे आम्ही जुनी टेक्स्टबुकं शोधायला जातो. तिथे वजनावर घेतलेल्या ढिगात मला एक इंग्रजी पुस्तक मिळालं, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांचं ‘अ वर्ल्ड ऑफ माय ओन’. एकट्याने, कुठेही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा पहिला माणूस. १४ जून १९६८ ला इंग्लंडमधल्या फाल्मथहून निघाला आणि २२ एप्रिल १९६९ ला, म्हणजे ३१२ दिवसांनी, तिथेच परत आला. शर्यतीत नऊ जण होते, पुरी केली ती या एकट्याने. आणि मला खुर्चीतून उठवणारी गोष्ट ही की त्याची ‘सुहैली’ नावाची ३२ फुटी सागवानी होडी बांधली होती आपल्या मुंबईत, आपल्याकडच्या सुतारांनी!

भिवंडी म्हटलं की लोकांना पॉवरलूम आठवतात, गोडाऊन आठवतात आणि पावसाळ्यातले खड्डे तर आठवतातच. पण १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि त्यानंतर याच खाडीच्या परिसरात शिवाजी महाराजांच्या आरमाराची जहाजं बांधायला घेतली गेली, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. तेव्हा होडीवर लिहायचा हक्क भिवंडीकरांना आहे, आणि चार वर्षं इथलं मेसचं जेवण जेवल्यावर तो मलाही आहे, असं मी धरून चालते.

एक विनंती आधीच करते. मी कॉन्व्हेंटमधली. आमच्या सिस्टरांच्या राज्यात मराठी फक्त डबा खाताना बोलली जायची. त्यामुळे जिथे अस्सल मराठी शब्द सापडणार नाही तिथे वर्कशॉपमधला शब्द येईल. सांभाळून घ्या.

तर ‘सुहैली’. निघाल्यावर तीनेक महिन्यांनी, सप्टेंबर १९६८ मध्ये, ही होडी दक्षिण महासागरात शिरली. तिथे एका लाटेने तिला पार आडवी केली. माणूस आत झोपलेला. होडी परत सरळ झाली, पण त्याने पाहिलं तर केबिनचा सगळा वरचा भाग जागेवरून किंचित सरकला होता आणि कडेने भेगा पडल्या होत्या. सागवान जाड, तळ भक्कम, पण लाटेला सापडली ती जोडाची जागा. म्हणजे जिथे डेक कापून केबिन बसवली होती ती जागा. पुढे त्याने बोल्ट नि स्क्रू वाढवून ती पक्की केली आणि उरलेलं जग पार केलं. पुस्तकातला हा भाग वाचल्यावर मी पार्टनरला म्हटलं, “अगं, हाच आपला मिनी प्रोजेक्ट!” ती म्हणाली, “होडी कुठून आणणार?” मी म्हटलं, “होडी नको, फक्त दार आणू.”

त्या दाराला कंपॅनियनवे म्हणतात. आपल्या घराच्या दारासारखं ते नसतं. उघड्या कॉकपिटमधून, म्हणजे सुकाणू धरून बसायच्या खड्ड्यातून, खाली केबिनमध्ये उतरायला तीन-चार पायऱ्यांचा जिना असतो, त्याचं ते तोंड. वरून एक झाकण पुढे-मागे सरकतं आणि समोरच्या उभ्या मोकळ्या जागेत लाकडी फळ्या एकावर एक खाचेत सोडतात. फळ्या म्हटल्यावर माझी ट्यूब पेटली! भिवंडीच्या जुन्या बाजारात अजून एखादं दुकान दिसतं ज्याला शटर नाही. रात्री दुकानदार नंबर घातलेल्या फळ्या एकेक करून खाचेत सरकवतो आणि शेवटच्या फळीला आडणा नि कुलूप. तीच आयडिया. फरक एवढाच की दुकानाची फळी चोरासाठी असते, होडीची पाण्यासाठी. आणि दुकान कधी उलटं होत नाही.

हे उलटं होणंच महत्त्वाचं. जुन्या होड्या ज्यांनी बांधल्या त्यांनी लाट वरून येईल, समोरून येईल, असा विचार केला होता. पण होडी आडवी झाली किंवा पूर्ण उलटली, तर गुरुत्वाकर्षण खाली खेचायचं तसंच खेचत राहतं, फक्त होडीचं ‘खाली’ आता ‘वर’ झालेलं असतं. आतापर्यंत स्वतःच्या वजनाने खाचेत बसलेल्या फळ्या त्याच वजनाने निसटतात.

हे नुसतं थिअरीत घडत नाही. ऑगस्ट १९७९ मध्ये इंग्लंडजवळच्या फास्टनेट शर्यतीत ३०३ होड्या निघाल्या होत्या. वादळात १५ खलाशी गेले. २४ होड्या त्यांच्या माणसांनी सोडून दिल्या. आता पुढचा आकडा लक्ष देऊन वाचा. त्या २४ पैकी बुडाल्या फक्त ५. बाकीच्या १९ नंतर तरंगताना सापडल्या! सोडून दिलेली होडी तरंगत होती आणि तिच्यातून रबरी तराफ्यात उतरलेल्यांपैकी काही जण मात्र वाचले नाहीत. नंतर जी चौकशी झाली तिच्यात दाराच्या फळ्या निसटून जाणं आणि दाराची रचनाच कमजोर असणं यावर बोट ठेवलं गेलं. आत पाणी भरत असेल तर माणसाला आत राहावंसं वाटणार नाही, हे उघड आहे. म्हणजे दार नीट राहिलं तर माणूस होडीत राहतो, आणि माणूस होडीत राहिला तर त्याच्या वाचण्याची शक्यता वाढते.

पाणी भरतं म्हणजे किती भरतं? इथे आपली थर्ड सेमची फ्लुइड मेकॅनिक्स कामाला आली. (बघा, येते कधीतरी!) दाराची मोकळी जागा ६० सेंटिमीटर रुंद आणि ८० उंच धरा. कॉकपिट पाण्याने भरलेला आहे आणि दारावर सरासरी अर्धा मीटर पाणी उभं आहे. ऑरिफिसचं साधं सूत्र लावलं, कोइफिशंट ०.६ घेतला, तर दर सेकंदाला सुमारे ९०० लिटर पाणी आत येतं. ९०० लिटर म्हणजे कळत नसेल तर हॉस्टेलच्या भाषेत सांगते. आपल्याकडे पाणी गेलं की जो दहा हजार लिटरचा टँकर येतो, ज्याच्यासाठी आपण बादल्या घेऊन पळतो, तो पूर्ण टँकर अकरा सेकंदांत! आणि अशा ३२-३६ फुटी होडीचं स्वतःचं वजनच काही टन असतं. हातपंपाने किती उपसणार?

आता झाकणाचं बघू. डेकवरच्या ६० बाय ६० सेंटिमीटरच्या झाकणावर दोन मीटर पाणी उभं राहिलं तर त्यावर सुमारे ७४० किलोचा भार येतो. तेच पाणी सेकंदाला दहा मीटर वेगाने येऊन आदळलं तर भार होतो जवळजवळ १९०० किलो. म्हणजे एक कार. चार छोट्या स्क्रूंवर आणि वीस वर्षं उन्हात तापून कडक झालेल्या रबरावर एक कार ठेवून बघा!

म्हणून लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरायचं तर वर्ल्ड सेलिंग या आंतरराष्ट्रीय संस्थेचे सुरक्षेचे नियम पाळावे लागतात. ते वाचताना मला कंटाळा येईल असं वाटलं होतं, पण नियमांच्या मागे घडून गेलेले अपघात दिसायला लागले की कंटाळा पळतो. थोडक्यात सांगते. झाकण होडीला कायमचं जोडलेलं हवं. ते झटकन घट्ट बंद करता यायला हवं आणि होडी १८० अंशांत उलटली तरी बंदच राहायला हवं. होडीच्या पुढच्या भागातलं मोठं झाकण आतल्या बाजूला उघडणारं नको, कारण मग लाटच ते ढकलून उघडते. दाराच्या फळ्या वरचं सरकतं झाकण उघडं असो वा बंद, जागेवर अडकवून ठेवता यायला हव्यात. प्रत्येक फळी शर्यतभर दोरीने होडीला बांधलेली हवी, म्हणजे निसटली तरी समुद्रात जाणार नाही. आणि शेवटचा नियम, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला बसले: दाराची कडी आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून उघडता-लावता यायला हवी, होडी उलटलेली असतानासुद्धा.

वर्कशॉपमध्ये आम्ही जुन्या पद्धतीचीच चौकट आधी बनवली. प्लायवूड, वर ६० सेंटिमीटर रुंद, खाली ४८, उंची ७०, दोन्ही बाजूंना २ सेंटिमीटर खोल खाच, तीन फळ्या. जुन्या होड्यांना अशी खाली निमुळती होत जाणारी चौकट खूप दिसते, कारण फळी घालणं-काढणं सोपं जातं. नेमकं तेच तिचं दुखणं. गणित केलं तर फळी सुमारे १२ सेंटिमीटर वर उचलली गेली की एका बाजूची कड खाचेतून मोकळी होते. सरळ, समांतर बाजू असत्या तर तीच फळी पूर्ण वरपर्यंत काढावी लागली असती. चौकट दोघींनी मिळून उलटी केली. तिन्ही फळ्या धडाधड खाली आल्या आणि एक पार्टनरच्या बुटावर बसली. बूट सेफ्टीचा होता, म्हणून प्रोजेक्ट पुढे चालू राहिला!

मग एकेक सुधारणा. चौकटीच्या बाजूंना आतून पट्ट्या मारून त्या समांतर केल्या. फळ्यांची जाडी वाढवली. प्रत्येक फळीला स्वतंत्र कडी दिली, कारण एका कडीवर तिन्ही फळ्या सोडल्या तर ती एक कडी गेली की सगळं गेलं. फळीला भोक पाडून नायलॉनची दोरी ओवली आणि चौकटीच्या आतल्या बाजूला बांधली. वरच्या सरकत्या झाकणाला अडवणारा खिट्टा लावला. बिजागऱ्यांचे लाकडात शिरणारे स्क्रू काढून आरपार बोल्ट टाकले आणि मागे लोखंडी पट्टी दिली, म्हणजे भार एका भोकावर न येता पसरतो. ‘सुहैली’ला भर समुद्रात बोल्ट का वाढवावे लागले ते तेव्हा हाताला कळलं.

रबराची गंमत वेगळीच. झाकण बंद केलं की ते सगळीकडून टेकलंय असं डोळ्याला वाटतं. आमच्या वर्कशॉपच्या मामांनी एक युक्ती दाखवली. चौकटीच्या कडेला खडू घासायचा, झाकण दाबून बंद करायचं, उघडायचं आणि रबराकडे बघायचं. जिथे खडू उमटला नाही तिथून पाणी येणार. दोन कोपरे कोरे निघाले! पाइपने पाणी मारून बघायची चाचणी आम्हाला तीन दिवस पुढे ढकलावी लागली, कारण टँकर आला नव्हता. असो.

याच मामांनी तो प्रश्न विचारला. सगळं तयार झालं, चौकट उलटी केली, एकही फळी हलली नाही, आम्ही दोघी टाळ्या वाजवतोय. मामा कडेला उभे राहून बघत होते. म्हणाले, “पोरींनो, झकास झालंय. पण आतल्या माणसाला काय झालं तर बाहेरचा आत येणार कसा?” आमच्या तिन्ही कड्या आतल्या बाजूला होत्या. नियमांच्या यादीतला तो शेवटचा मुद्दा आम्ही शेवटीच घेणार होतो. मामांनी नियम वाचलेले नव्हते, तरी त्यांना तो सगळ्यात आधी सुचला.

मामा कॉलेजात लागण्यापूर्वी इथल्याच एका लूमच्या कारखान्यात फिटर होते. रात्रपाळीला मालक बाहेरून कुलूप लावून घरी जायचा, कापडाचे तागे चोरीला जाऊ नयेत म्हणून. आत पंधरा-वीस माणसं. एका रात्री मीटरच्या बोर्डाने पेट घेतला. सुताच्या धुळीला आग लागायला वेळ लागत नाही. कुलपाची किल्ली मालकाच्या उशाखाली. शेवटी मामांनी आणि दुसऱ्या एकाने सांध्याच्या लोखंडी कांबीने मागची जाळी उचकटली. सगळे बाहेर आले. मामांच्या डाव्या हातावर अजून डाग आहे. गोष्ट सांगून झाल्यावर ते म्हणाले, “दार बंद होतं म्हणून माल राहिला नाही आणि माणसं वाचली ती दार तोडलं म्हणून.” आणि परत लेथ पुसायला लागले.

त्यानंतर आम्ही कड्या बदलल्या. फळीतून आरपार जाणारा १२ मिलिमीटरचा स्पिंडल, दोन्ही टोकांना मूठ. आतून फिरवा नाहीतर बाहेरून, कडी तीच सरकते. स्पिंडलच्या भोवती रबरी ओ-रिंग, म्हणजे तिथून पाणी येत नाही. मूठ मोठी ठेवली, कारण थंडीने बोटं बधिर झाली असतील तर बारीक खटका सापडत नाही. सर म्हणाले, “साधं आहे.” आम्ही म्हटलं, “सर, साधंच हवं होतं.”

बाहेरून उघडायची गरज किती खरी आहे, ते आपल्याच माणसाच्या गोष्टीतून कळतं. कमांडर अभिलाष टॉमी हे नाव तुम्ही ऐकलं असेल. दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघून मे २०१० मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. असं करणारे ते पहिले भारतीय. ‘म्हादेई’ बांधली होती गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात. त्याच नौकेतून टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये मुंबई ते मुंबई, कुठेही न थांबता, एकट्याने फेरी मारली. मग २०१८ मध्ये पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या शर्यतीची आठवण म्हणून गोल्डन ग्लोब शर्यत परत भरवली गेली. अट अशी की होडी ३२ ते ३६ फुटांची आणि १९८८ पूर्वीच्या डिझाइनचीच हवी. म्हणजे शर्यत नवी, पण होड्या आपल्या वडिलांच्या कॉलेजच्या दिवसांतल्या! टॉमी उतरले ‘थुरिया’ घेऊन. ‘थुरिया’ म्हणजे ‘सुहैली’चीच प्रतिकृती, तीही गोव्यात दांडेकरांकडेच बांधलेली.

२१ सप्टेंबर २०१८ ला ऑस्ट्रेलियातल्या पर्थपासून सुमारे १९०० सागरी मैल दूर ‘थुरिया’ वादळात सापडली. वारा ७० नॉट, म्हणजे ताशी सुमारे १३० किलोमीटर. लाटा १४ मीटर, आपल्या हॉस्टेलच्या गच्चीच्याही वर. होडी उलटीपालटी झाली, डोलकाठी मोडली, आणि टॉमींच्या पाठीच्या कण्याला मार बसला. चालता येत नव्हतं. ते बंकवर पडून राहिले आणि संदेश पाठवत राहिले. तीन दिवसांनी, २४ सप्टेंबरला, ‘ओसिरिस’ हे फ्रेंच जहाज पोचलं. त्यावरची माणसं छोट्या रबरी बोटीतून आली, होडीवर चढली आणि त्यांना स्ट्रेचरवरून बाहेर काढलं.

या तीन दिवसांकडे इंजिनिअरच्या नजरेने बघा. डोलकाठी नाही, शीड नाही, होडी लाटांवर हेलपाटतेय, आणि आतला माणूस उठून एक कडीसुद्धा सरकवू शकत नाही. होडी तरंगत राहिली पाहिजे, म्हणजे पाण्यासाठी दार बंद. आणि मदत आली की तिला आत येता आलं पाहिजे, म्हणजे माणसासाठी दार उघडं. एकच दार, दोन उलट्या कामांसाठी. कंपॅनियनवेचा शेवटचा नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असाच पडून राहिलेला माणूस असणार.

टॉमी बरे झाले, एवढंच नाही, परत गेले! २०२२ च्या गोल्डन ग्लोबमध्ये ‘बायानात’ नावाची, रस्टलर ३६ या जुन्या डिझाइनची होडी घेऊन निघाले आणि २३६ दिवसांनी, २९ एप्रिल २०२३ ला, दुसरे आले. निघालेल्या सोळांपैकी पूर्ण शर्यत नियमाप्रमाणे पुरी केली फक्त तिघांनी. पहिली आली दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर, या शर्यतीत जिंकणारी पहिली महिला. आम्ही दोघींनी त्या दिवशीची बातमी प्रिंट काढून वर्कशॉपच्या दाराला चिकटवलीय.

आता थोडं घरचं. आमच्या हॉस्टेलच्या मागच्या जिन्याला लोखंडी जाळीचं दार आहे आणि त्याला बारा महिने कुलूप असतं. कारण विचारलं तर उत्तर, ‘सेफ्टी’. हे उत्तर खोटं नाही. मुलींचं हॉस्टेल आहे, बाहेरून कोणी येऊ नये ही काळजी बरोबरच आहे, आमच्या आयांनाही तेच हवंय. पण रात्री पुढच्या जिन्यात आग लागली तर? १९९७ साली दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ जणांचा जीव गेला, आणि तिथे बाल्कनीतून बाहेर पडायचा एक मार्ग जादा खुर्च्यांसाठी बंद केलेला होता. कुलूप हे अर्धं दार आहे. ते बंद राहायचं काम करतं, उघडायचं करत नाही.

म्हणून आम्ही रेक्टर मॅडमना अर्ज दिला आणि सोबत ड्रॉइंग जोडलं. आतून नुसतं ढकललं की उघडेल असा आडवा दांडा. बाहेरून फक्त किल्लीने उघडेल, आणि ती किल्ली वॉचमनकाकांकडे. दार उघडलं की घंटा वाजेल, म्हणजे कोणी मुद्दाम उघडून फिरायला जाणार नाही. मॅडमनी ड्रॉइंग उलटसुलट करून पाहिलं. म्हणाल्या, “हे होडीचं आहे ना गं?” मी म्हटलं, “हो मॅडम, पण माणसं तीच.” त्या हसल्या नाहीत, पण अर्ज परतही केला नाही. आता जाळीशेजारी काचेच्या पेटीत किल्ली टांगलीय आणि बाजूला छोटा हातोडा. दांड्याचा खर्च पुढच्या बजेटमध्ये घालू असं कळलंय. आम्ही बजेटची वाट बघतोय आणि मामांनी दांड्यासाठी पाइप बाजूला काढून ठेवलाय.

आपण इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना ‘मजबूत’ हा शब्द फार आवडतो. जाड करा, बोल्ट वाढवा, वेल्ड करा, कुलूप घाला. होडीच्या त्या दाराने मला शिकवलं की मजबुतीचा हिशेब दोन रकान्यांत मांडायचा असतो. काय आत येऊ द्यायचं नाही, हा एक. आणि कोणाला येऊ-जाऊ द्यायचं, तेही अंधारात, घाबरलेलं असताना, एका हाताने, सगळं उलटं झालेलं असताना, हा दुसरा. पहिला रकाना सगळे भरतात.

तेव्हा आज रात्री एक करा. लाइट बंद झाल्यावर, मोबाइलचा टॉर्च न लावता, आपल्या खोलीपासून सगळ्यात जवळच्या बाहेरच्या दारापर्यंत चालत जा. पावलं मोजा. वाटेत कोणाच्या ट्रंका नि सायकली आहेत ते बघा. दाराला हात लावा आणि ढकला. उघडलं तर शांत झोपा. नाही उघडलं तर वर्कशॉपमध्ये या. मामा दुपारी दोननंतर असतात.